मिठाचा रेणू कुठे असतो?

नमस्कार. परीक्षा जवळ आल्या की एक प्रश्न हमखास येतो: "सर, मिठाच्या एका रेणूत किती बंध असतात?" मागच्या व्हिडिओखाली तो इतक्या जणांनी विचारला आहे की आज त्याच्याविषयीच बोलायचे ठरवले.

उजळणी झटपट उरकतो. आयनिक बंधात इलेक्ट्रॉन दिला-घेतला जातो, सहसंयुज बंधात तो दोघांत वाटून घेतला जातो आणि धातूत तो सगळ्यांच्या सामाईक मालकीचा असतो. हे तुम्हाला पाठ आहे. घोटाळा पहिल्याच व्याख्येत, म्हणजे आयनिक बंधाच्या, आहे आणि त्याला कारण ते बाणाचे चित्र आहे, ज्यात सोडिअमचा एक इलेक्ट्रॉन उडी मारून क्लोरीनकडे जातो. मीही शाळेत ते चित्र सुबक काढून पूर्ण गुण मिळवले होते आणि पुढे कित्येक वर्षे या दोघांचे लग्न लागले असेच समजत होतो.

मुळात देणेघेणे म्हणजे बंध नव्हे. वायुरूप सोडिअम अणूचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे 496 किलोजूल मोजावे लागतात आणि क्लोरीन अणूने तो स्वीकारल्यावर जेमतेम 349 परत मिळतात, म्हणजे नुसता व्यवहार पाहिला तर तो तोट्याचा आहे. हा तोटा भरून निघतो तो आयन, म्हणजे असे प्रभारित झालेले अणू, स्फटिकात रचले जाताना, कारण तेव्हा मोलमागे सुमारे 787 किलोजूल बाहेर पडतात. आयनिक बंध म्हणजे विरुद्ध प्रभारांमधले हे आकर्षण. आणि प्रभार फक्त एका बाजूला ओढत नाही, सगळ्या दिशांना ओढतो.

आता हा खडेमिठाचा खडा भिंगाखाली पाहा. कडा काटकोनात दिसतात, कारण आत प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आहेत आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. या सहांपैकी "आपला" कोणता, हे त्या सोडिअमला विचारून उपयोग नाही. 0.3 मिलिमीटर बाजूच्या साध्या कणातसुद्धा प्रत्येक प्रकारचे सुमारे सहावर सतरा शून्ये इतके आयन असतात. त्यातली एक जोडी वेगळी काढून तिला रेणू म्हणायचे तरी कशाच्या आधारावर? NaCl हे मिठाचे सूत्र फक्त प्रमाण सांगते, एकास एक.

पटत नसेल तर साखर घ्या. साखर पाण्यात विरघळते तेव्हा तिचे रेणू अखंड राहून एकमेकांपासून सुटतात, म्हणून नुसत्या साखरपाण्यातून वीज वाहून दिवा लागत नाही. मीठ विरघळते तेव्हा जोड्या नव्हे, तर सुटे आयन बाहेर पडतात आणि दिवा लागतो. उष्णतेचेही तसेच आहे: साखर कढईत सहज वितळते, मिठाला मात्र 801 अंश सेल्सिअस लागतात, कारण तिथे शेजारच्या रेणूंमधली ढिली ओढ नव्हे, तर बंधच सैल करायचे असतात.

ज्यांना हे अजूनही खटकते आहे, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग यांनी 1913 मध्ये क्ष-किरणांनी मिठाची ही रचना दाखवली आणि 1915 मध्ये वडिलांसह नोबेल मिळवले, तरी हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञांनी 1927 मध्ये 'नेचर'मध्ये पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीवर सडकून टीका केली होती. त्यांनाही जोडीच हवी होती.

एका दर्शकाने मात्र मला बरोबर पकडले. "मिठाचा रेणू नसतोच" असे मी मागे ठासून सांगितले होते, ते चूक होते. मीठ चौदाशे अंशांच्या वर उकळवले की वाफेत एक सोडिअम आणि एक क्लोरीन अशा जोड्या खरोखर सापडतात, काही ठिकाणी दोन-दोन जोड्या एकत्रही असतात. तेव्हा प्रश्नात "मिठाची वाफ" असे लिहिले असेल, तर रेणू जरूर म्हणा. मिठाच्या बरणीतल्या खड्यांना म्हणू नका.