मापाचा पाय

(दृश्य: कानशीखाली पडणारा पांढरा भुगा)

आवाज सुतारकामाचा वाटतो ना? पण घासला जातोय तो एका माणसाच्या पायाचा साचा, त्याच्या कृत्रिम पायासाठी. इंदुरातल्या एका छोट्याशा वर्कशॉपमध्ये.

बाकावर बसलेले काका जुनी इंदूर भागातले. पेटी दुरुस्त करणारे, म्हणजे हार्मोनियम. मधुमेहात डावा पाय गुडघ्याखाली गेला.

डाव्या पायाच्या उरलेल्या भागाभोवती ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. घट्ट झाल्यावर ते टरफल अलगद काढलं, आत प्लास्टरचा घोळ ओतला. पायाची हुबेहूब प्रतिकृती तयार. मात्र हुबेहूब साचा इथं कामाचा नाही. शरीराचा भार पायाच्या टोकावर पडता कामा नये. तो मुख्यतः गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड स्नायुबंधावर पेलायचा असतो. म्हणून तिथं साचा खरवडायचा, म्हणजे सॉकेट, कृत्रिम पायाची वरची खोबण, तिथं दाबून बसतं. नडगीच्या धारेवर मात्र उलटं: प्लास्टरचा थर चढवायचा, म्हणजे हाडाला मोकळी जागा राहते. हात थोडा चुकला की कातडी सोलते. आणि मधुमेहात पुष्कळदा दुखणंच कळत नाही, रक्त दिसल्यावर कळतं.

काकांचे डोळे कानशीवरून हलत नाहीत. शेवटी राहवत नाही. ‘भैया, यहाँ थोडा और.’ कारागीर हसतो. हात तिकडे नेत नाही.

(दृश्य: भट्टी)

हा एचडीपीई पाइप, म्हणजे टणक प्लास्टिकचा. शेतात पाणी नेतात ना, त्याच जातीचा. भट्टीत मऊ झाला की दोघं मिळून साच्यावर ओढतात, झटपट. गार झाला की संपलं. ‘पुन्हा एकदा करा’ म्हणायची सोय आम्हा चित्रीकरण करणाऱ्यांनाही नव्हती.

आणि हे पाऊल. लाकूड, स्पंज रबर, वरून कातडीच्या रंगाचं रबर. साच्यात भाजून एकजीव केलेलं. 1968च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ते घडवलं. तोवर मिळणारं विलायती पाऊल बुटासाठी केलेलं, घोट्यात न वाकणारं. आपल्याला अनवाणी चालायचं, उकिडवं बसायचं, मांडी घालायची. संशोधन म्हटलं की पांढरा कोट आठवतो. इथं निम्मं डोकं कारागिराचं होतं, हे विसरायला नको.

शिबिरांत पाय पटकन मिळतो, फोटोही निघतो. पण पहिल्या काही महिन्यांत पायाचा उरलेला भाग आक्रसतो, सॉकेट ढिलं पडतं. मग एकावर एक मोजे चढवायचे, तेवढ्यानं भागेना तर नवं सॉकेट. वाटलेले पाय मोजले जातात. माळ्यावर गेलेले कोण मोजतो?

(दृश्य: समांतर दांड्या)

तोल, पाऊल, वळणं, जिना. रोज तासभर.

दुकान या काळात बंदच होतं; घर मुलीच्या शिकवण्यांवर चाललं.

(दृश्य: घर, सतरंजी)

काका भिंतीला धरून खाली बसतात. आधी उजवा पाय, मग हातानं डावा दुमडून. मांडी. पेटी पुढ्यात ओढतात, झाकण काढतात, एक पितळी पत्ती निवडतात. सूर चढवायचा तर पत्तीचं टोक घासायचं, उतरवायचा तर बूड.

काका कानस उचलतात.

(निवेदन इथे थांबते. पुढे फक्त कानशीचा आवाज.)