गळ्यातून गजात: औंधचे गजाननबुवा जोशी

[दृश्य: औंध. मूळपीठाच्या डोंगरावरून दिसणारं गाव.]

सातारा जिल्ह्यातला खटाव तालुका. पाऊस बेताचा, माळरान उघडं. इथं डोंगरावर यमाईचं ठाणं आहे आणि खाली औंध गाव. संस्थान म्हणून औंध लहानच, पण गादीवर बसलेला राजा कलेचा भोक्ता. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, कीर्तनाला उभे राहायचे, गावोगाव सूर्यनमस्कारांचा प्रसार करायचे. त्यांनी उभं केलेलं भवानी संग्रहालय आजही डोंगराच्या वाटेवर आहे. त्यांच्या दरबारात अंतूबुवा जोशी गवई होते. ग्वाल्हेर गायकीचे, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या परंपरेतले. गजानन हा त्यांचा मुलगा, जन्म १९११चा.

घरात गाणंच गाणं. आजोबा मनोहरबुवाही गाणारे. त्यामुळे पहिली तालीम घरातच मिळाली आणि ती ग्वाल्हेरची मिळाली. पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिक्षण झालं. मग जयपूर घराण्याची वाट धरली ती अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्यामुळे, आणि आग्रा घराण्याची गायकी आली विलायत हुसेन खाँ यांच्याकडून. एका गळ्यात तीन घराणी! त्या काळी एका घराण्याचा गंडा बांधला, म्हणजे शिष्यत्वाचा धागा हाताला बांधून घेतला, की दुसऱ्याच्या उंबऱ्याकडे बघायचं नाही, अशी कडक रीत होती. बुवांनी तिन्ही ठिकाणी शिष्य म्हणून बसून विद्या घेतली. तिन्ही गायक्यांची खिचडी मात्र त्यांनी होऊ दिली नाही.

व्हायोलिन मात्र ते कुणापुढे बसून शिकले नाहीत. ते त्यांनी आपलं आपण हस्तगत केलं.

[दृश्य: व्हायोलिन जवळून. गजाला राळ लावणारा हात.]

या वाद्याकडे जरा नीट पाहू. पाश्चात्त्य वादक ते हनुवटीखाली धरतो. आपल्याकडे ते बैठकीवर आलं. वादक मांडी घालून बसतो, एक पाय थोडा पुढे घेतो, वाद्याचं टोक त्या पायाच्या घोट्यावर टेकवतो आणि दुसरी बाजू छातीशी घेतो. वाद्य असं दोन्हीकडून टेकलं की डाव्या हातावर भार राहत नाही. बोट तारेवरून वरखाली मोकळं घसरू शकतं, आणि आपल्या संगीताचा जीव असलेली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, तिथून निघते. तारा मिळवण्याची रीतही बदलली. पाश्चात्त्य पद्धतीत चारही तारा पंचमाच्या (सा ते प) अंतरानं चढत जातात, आपले वादक बहुधा षड्ज-पंचम, षड्ज-पंचम अशी जोडी लावतात. सतारीसारखे पडदे इथं नाहीत. बोट केसभर सरकलं तरी सूर गेला. शिकणाऱ्याला त्यापायी वर्षानुवर्षं घाम गाळावा लागतो, पण माणसाच्या गळ्याच्या इतकं जवळ जाणारं वाद्य होतं तेही याच गुणामुळे. आपल्याकडे या बाबतीत त्याच्या तोडीची सारंगीच.

वाद्याला शब्द नसतात. मग बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गीत, कशी वाजवायची? बुवांच्या वादनाचा सगळा गाभा इथं आहे असं मला वाटतं, म्हणून इथं थोडं थांबू या. गाणारा माणूस श्वास घेतो, शब्दाचं अक्षर टाकतो, मग त्या अक्षराचा आकार (‘आऽऽ’) लांबवतो. गायकी अंगानं व्हायोलिन वाजवणारा हे सगळं गजावर, म्हणजे तारांवर फिरवायच्या कमानीवर, सोपवतो. नवं अक्षर आलं की गज पालटायचा, म्हणजे त्याची दिशा बदलायची. आकार लांबला की एकाच गजात, न तोडता, सगळी सुरावट काढायची. जिथं गवई दम घेईल तिथंच गजानं थांबायचं. ज्याला बंदिशीचे शब्द पाठ नाहीत, त्याला हे जमायचं नाही. गज भलत्या ठिकाणी पालटला तर जाणकाराला शब्द तुटल्यासारखा ऐकू येतो.

बुवा स्वतः गवई असल्यानं त्यांना हे वेगळं शिकावं लागलं नाही. ग्वाल्हेरची सपाट तान एका गजात सरळ उतरते. जयपूरची तान वळणं घेत, एकात एक गुंतत जाते, तिथं गजाचा दाब सतत कमीजास्त करावा लागतो. आग्र्याची बोलांशी खेळणारी लयकारी आली की गजाचे छोटे, ठसठशीत आघात. तिन्ही घराण्यांची तालीम अंगात मुरली होती म्हणून तिन्हींची बोली त्यांच्या हाताला ठाऊक होती.

[दृश्य: जुना व्हॉल्व्हचा रेडिओ.]

बुवांनी आकाशवाणीत नोकरी केली. तो काळही समजून घ्यायला हवा. १९४० मध्ये रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीचे सूर पट्ट्यांना बांधलेले, त्यातून मींड निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, साधत नाहीत, असा आक्षेप होता. ही बंदी सत्तरच्या दशकात सैल होईपर्यंत टिकली. त्या काळात रेडिओवर गळ्यामागं धावायला स्वरवाद्य म्हणून सारंगी होती आणि व्हायोलिन होतं. साथीला बसणाऱ्या व्हायोलिनवादकाला गवयाच्या मनात पुढं काय आहे ते आधी कळावं लागतं. बुवा तर स्वतः त्याच वाटेनं रोज जात होते.

याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या व्हायोलिनवादकाचं नाव इथं घ्यायलाच हवं. पंडित विष्णू गोविंद जोग, जन्म वाईचा, १९२२चा. ते लखनौला संगीताचार्य रातंजनकरांकडे शिकले, पुढे कोलकात्याला स्थिरावले, बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या देशभर गाजल्या आणि १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. जोगांच्या हातात लयीचा आणि तंतकारीचा, म्हणजे तंतुवाद्याच्या स्वतःच्या ढंगाचा, खेळ जास्त, बुवांच्या हातात बंदिश जास्त. जोगांचं नाव व्हायोलिनबरोबरच घेतलं जातं. बुवांचं तसं होत नाही. १९७२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तोही गायनासाठी. गवई म्हणून ते थोर होतेच, पण आजच्या विद्यार्थ्यांनी त्यांना निव्वळ गवई म्हणून ओळखावं, ही गोष्ट मला सलते. महाराष्ट्रात गायकी अंगाच्या व्हायोलिनची घडी बसवणाऱ्यांत त्यांचं स्थान पहिल्या ओळीतलं आहे.

[दृश्य: तंबोरे. शिष्यांच्या मैफलींची क्षणचित्रं.]

गुरू म्हणून बुवा कडक होते. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे, अरुण कशाळकर, अशोक दा. रानडे ही त्यांच्याकडे शिकलेल्यांतली काही नावं. मुलगा मधुकर जोशी यांनी व्हायोलिन पुढं चालवलं. १९८७ मध्ये बुवा गेले.

[दृश्य: औंधचा संगीत महोत्सव. जमिनीवर बसलेले श्रोते.]

अंतूबुवांचे गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ जोशी घराण्यानं औंधात १९४० साली संगीत महोत्सव सुरू केला. बुवांनी तो जपला आणि त्यांच्या माघारी शिष्यांनी. खटावसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या आडगावी देशातले नामवंत कलाकार येऊन गातात, वाजवतात. शेतातली कामं आटोपून आलेली माणसं आणि पुण्या-मुंबईचे रसिक एकाच बैठकीवर बसतात. दिवस ठरलेला आहे: आश्विन वद्य पंचमी, म्हणजे कोजागरीनंतरचा पाचवा. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला जाता येतं. व्हायोलिनची बैठक लागली तर वादकाच्या बोटांवर नजर खिळवू नका. गजाकडे बघा. मुखडा (बंदिशीची पहिली ओळ) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना गज कुठे पालटतो, ते बघा.