दुसऱ्या भागाकडून आपण काय मागतो?

मित्रहो, शैलीदार मारधाडपटाचा दुसरा भाग आला की दोन तट पडतात. समीक्षक म्हणतात, पुन्हा तेच. प्रेक्षक म्हणतात, तेच पाहायला तर आलो होतो. कधी उलटही होतं. समीक्षक कौतुक करतात आणि पहिल्या भागाचे चाहते चिडून बाहेर पडतात. हल्ली हा वाद आकडे तोंडावर फेकून मिटवायची पद्धत पडली आहे, म्हणून आधी आकड्यांचंच उरकून घेतो.

रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. एकूण समीक्षकांपैकी किती जणांचं मत अनुकूल आहे, एवढंच ती सांगते. सगळ्यांनी ‘ठीक आहे, दहापैकी सहा’ असं म्हटलं तरी चित्रपटाला शंभर टक्के मिळू शकतात. सिनेमास्कोर या प्रेक्षकांचा कौल घेणाऱ्या संस्थेचं गणित वेगळं आहे. तिथे पहिल्या रात्री चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून ए ते एफ अशी श्रेणी घेतात. आता दुसरा भाग पहिल्याच रात्री पाहायला कोण येतं? बहुतेक करून ज्याला पहिला आवडला होता तो. म्हणजे एकीकडे कामाचा भाग म्हणून आलेला माणूस आणि दुसरीकडे मुळातच प्रेमात असलेला माणूस. या दोन आकड्यांची तुलना करून ‘समीक्षकांना कळत नाही’ किंवा ‘लोकांना काहीही चालतं’ असं ठरवणं दोघांवरही अन्याय करणारं आहे.

खरा प्रश्न शैलीचा आहे. शैलीदार चित्रपट पहिल्यांदा पाहताना आपण थक्क होतो, आणि हे थक्क होणं एकदाच घडतं. १९९९ साली ‘द मेट्रिक्स’ आला. नायक मागे झुकतो, गोळ्या त्याच्या अंगावरून जातात आणि कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो. त्यासाठी नटाभोवती सुमारे १२० स्थिरचित्रं टिपणारे कॅमेरे मांडले होते. ती करामत इतकी गाजली की जाहिराती, विनोदी चित्रपट, व्हिडिओ गेम सगळ्यांनी उचलली. २००३ साली ‘द मेट्रिक्स रीलोडेड’ येईपर्यंत प्रेक्षकांनी तिच्या नकला इतक्या पाहिल्या होत्या की मूळ चित्रपटालाच आपल्या नकलांशी स्पर्धा करायची वेळ आली.

‘रीलोडेड’मधले दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. एकात नायक नेओ हा खलनायक एजंट स्मिथच्या प्रतींशी लढतो. आधी एक, मग दहा, मग शंभराच्या आसपास. युएन वू-पिंगसारख्या उस्तादाने बसवलेली लढत आहे, सुरुवातीचा भाग तर बघत राहावा असा. पण हळूहळू माणसांच्या जागी संगणकावर घडवलेल्या आकृत्या येतात, त्यांच्या अंगाला वजन राहत नाही, आणि शेवटी नेओ सरळ आकाशात उडून जातो. उडता येत होतं तर हा इतका वेळ लढला कशाला? हा प्रश्न समीक्षकांनीही विचारला आणि सामान्य प्रेक्षकांनीही. तो वाजवी प्रश्न आहे. ज्याला काहीच होऊ शकत नाही त्याची लढाई कितीही देखणी असली तरी ती कवायत होते.

दुसरा प्रसंग महामार्गावरच्या पाठलागाचा. त्यासाठी कॅलिफोर्नियात अलामीडा इथल्या जुन्या नौदल तळावर मैलाहून लांब रस्ता बांधला होता. तेच दिग्दर्शक, तेच काळे कपडे, तोच संथ होणारा वेग. तरी चित्रपट न आवडलेले लोकही हा प्रसंग मात्र वाखाणतात. का? जवळजवळ पूर्ण पाठलागात नेओ नाही. त्याची साथीदार ट्रिनिटी समोरून येणाऱ्या गाड्यांतून मोटारसायकल काढते, दुसरा साथीदार मॉर्फियस धावत्या ट्रकच्या टपावर तलवार घेऊन उभा राहतो, आणि ही दोघं मरू शकतात. चाक घसरलं तर संपलं. इथे शैलीला काम मिळालं आहे: भीती दाखवायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. दुसऱ्या भागाला नवी शैली लागतेच असं नाही. जुन्या शैलीला नवं काम लागतं. ते नसलं की दिग्दर्शक संख्या वाढवतो: दहाचे शंभर, एका स्फोटाचे पाच. समीक्षक त्याला पुनरावृत्ती म्हणतो. प्रेक्षक तसा शब्द वापरत नाही, तो फक्त मध्येच मोबाइल बघायला लागतो. दोघांनाही एकच गोष्ट जाणवलेली असते.

‘सिन सिटी’चं उदाहरण थोडक्यात. काळ्या-पांढऱ्या चौकटीत एखादाच लाल ओठ किंवा पिवळा चेहरा, ही २००५ ची नवलाई होती. दुसरा भाग नऊ वर्षांनी आला. दृश्यं पूर्वीइतकीच नेटकी होती, पण त्यांच्याकडून नवं काहीच करून घेतलं नव्हतं. इथे समीक्षक आणि प्रेक्षक यांच्यात वाद झालाच नाही. दोघांनीही पाठ फिरवली. निर्मितीचा खर्चही तिकीटबारीवर निघाला नाही.

याउलट २०१७ चा ‘जॉन विक: चॅप्टर टू’. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की हा स्वतः स्टंटमन, ‘द मेट्रिक्स’मध्ये कियानू रीव्ह्जच्या, म्हणजे नेओ आणि विक या दोघांच्याही भूमिका करणाऱ्या नटाच्या, जागी धोक्याची कामं करणारा. त्यामुळे त्याची चौकट रुंद असते, दृश्याचे तुकडे कमी असतात, पाय कुठे पडला ते दिसतं. हे पहिल्या भागातही होतं. दुसऱ्यात एक प्रसंग आहे. भाडोत्री मारेकरी विक आणि त्याचा प्रतिस्पर्धी कॅसियन गर्दीच्या रेल्वेस्थानकातून समांतर चालतात, कोट आडवा धरून, आवाज दाबणाऱ्या पिस्तुलांनी एकमेकांवर गोळ्या झाडत. भोवतीच्या लोकांना पत्ताच नाही. हे अशक्य आहे, असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. आहेच अशक्य. पण चित्रपटगृहात तिथे लोक मनापासून हसतात, आणि तो हशा दिग्दर्शकाने मिळवलेला आहे. पहिल्या भागात जी शैली सूड दाखवत होती तिच्याकडून इथे तो विनोद करून घेतो. समीक्षकांनी या भागाचं भरभरून स्वागत केलं, आणि जगभरची कमाई पहिल्या भागाच्या जवळजवळ दुप्पट झाली.

चौथा भाग २०२३ साली आला, तो पावणेतीन तासांहून लांब. लांबीबद्दल कुरकुर झाली, ती रास्त होती. तरीही पॅरिसच्या साक्रे-कर चर्चकडे जाणाऱ्या २२२ पायऱ्यांवरचा प्रसंग कुरकुरणाऱ्यांनीही उचलून धरला. विक मारत मारत वर पोचत आलेला असतो आणि लाथ खाऊन पार खालपर्यंत गडगडत येतो. मग पुन्हा पहिली पायरी. दमलेला, पन्नाशी ओलांडलेला नट दिसतो, आणि सूर्योदयाला ठरलेल्या द्वंद्वाला उशीर झाला तर सगळं संपणार हे आपल्याला ठाऊक असतं.

आता ‘रीलोडेड’मधला महामार्गाचा भाग दाखवतो. नेओ पडद्यावर कधी येतो, आणि तो आल्यावर तुमचा श्वास मोकळा होतो की ताणच निघून जातो, एवढं स्वतःपाशी टिपून ठेवा. पाहून झालं की तिथूनच चर्चा सुरू करू.