परांची बांधण्याआधी घरटी बघा

मंडळी, पहिला प्रश्न मीच विचारून टाकतो, नाहीतर शेवटी कुणीतरी विचारणारच. झाड तोडायची महापालिकेची परवानगी हातात आहे, मग त्यावरच्या घरट्याचं काय? घरट्यापुरता त्या कागदाचा काही उपयोग नाही. झाडांचा कायदा १९७५ चा, महाराष्ट्राचा. वृक्ष प्राधिकरण, झाडावर चिकटवायची नोटीस, हरकती, बदल्यात लावायची झाडं, हा त्याचा विषय. पक्ष्यांचा कायदा १९७२ चा, केंद्राचा: वन्यजीव संरक्षण अधिनियम. पहिल्यासाठी तुम्ही महापालिकेच्या उद्यान विभागात खेटे घालता, दुसऱ्याचा अंमल वन विभागाकडे. ठाण्यात पुनर्विकासाच्या फायली आज ज्या वेगाने फिरताहेत, त्यात वन विभागाची आठवण कुणाला होते?

केरळात मलप्पुरम जिल्ह्यात सप्टेंबर २०२२ मध्ये महामार्गाच्या रुंदीकरणासाठी एक मोठं झाड पाडलं. वर पिल्लं होती, ती झाडासकट रस्त्यावर आपटली. त्याचा व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. काम सरकारी होतं, तरी वन विभागाने गुन्हा नोंदवला.

तो कशाखाली, ते बघा. वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या कलमात, व्याख्यांमध्ये, शिकार कशाला म्हणायचं ते सांगितलंय. मारणं, पकडणं, सापळा लावणं त्यात आलंच. पण पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेही त्यातच बसवलंय. नवव्या कलमाने शिकारीला बंदी आहे. आपल्या अवतीभवतीचे बहुतेक पक्षी पूर्वी चौथ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या चौथ्या यादीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेरमांडणी झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि आता त्यातले बहुतेक दुसऱ्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला पक्षी असेल तर कैद किमान तीन वर्षांची. (कबुतरांचं विचारू नका, जुन्या यादीत पारव्यांचं अख्खं कुळ घेऊन नेमका आपल्या गॅलरीतला पारवा वगळला होता!)

ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने वापरातलं किंवा बांधकाम चालू असलेलं घरटं जाणूनबुजून मोडणं गुन्हा आहे. तिथे विणीचा हंगाम ढोबळमानाने मार्च ते ऑगस्ट, म्हणून झाडोरा हिवाळ्यात साफ करून ठेवायचा, असं गणित जमतं. आपल्याकडे असं गणित बसवायला जा, वर्षभरात एकही महिना पूर्ण मोकळा मिळत नाही. पिंगळा थंडीतच ढोलीत बसतो. घार जानेवारीत काड्या ओढायला लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तांबट वाळक्या फांदीत भोक पाडतो, आणि आपण पावसाळ्याआधी धोकादायक म्हणून पहिल्यांदा छाटतो ती वाळकीच फांदी. रंगकाम आणि वॉटरप्रूफिंगही त्याच मोसमात, दयाळ आणि बुलबुल पाइपामागे, कुंडीत बसलेले असताना. पाऊस लागला की वंचक, रातबगळे, गायबगळे वर्षावृक्षांवर (रेन ट्रीवर) वसाहत मांडतात. म्हणून कॅलेंडर बघून तारीख काढू नका, आपली इमारत आणि आपलं आवार बघा.

खारघरला भरणी केलेल्या एका प्लॉटवर टिटवीची अंडी पाहिली. चार, टोकं आत वळवलेली, खडीच्या रंगाची. दोन हातांच्या अंतरावर उभं राहूनही मला आधी दिसली नव्हती. टिटवी घरटं म्हणून काही बांधतच नाही, खळगा करते आणि चार खडे सारते. जेसीबीवाल्या पोराने मात्र भोवती बांबू रोवून पट्टी बांधली होती आणि तो दिवसभर लांबून वळसा घालत होता. त्याला कुणी कलम सांगितलं नव्हतं. टिटवी देखील समुद्र आटविते म्हणतात, पण डंपरपुढे तिचं काय चालणार? त्या पोराची पाळी संपून दुसरा आला असता तर?

तेव्हा हे कुणाच्या चांगुलपणावर सोडू नका, वर्क ऑर्डरमध्ये घाला. परांची बांधण्याआधी आठवडाभर सकाळच्या वेळी कुणीतरी जाणत्याने छज्जे, डक्ट, एसीची भोकं, गच्चीची टाकी आणि झाडं बघायची. चोचीत किडा धरून पक्षी एकाच जागी परत परत जात असेल तर तिथे पिल्लं आहेत, एवढं ओळखायला पक्षितज्ज्ञ लागत नाही. हिरवी जाळी सर्वांत वाईट. ती वरपासून खालपर्यंत ताणली की आई-बाप बाहेर आणि पिल्लं आत राहतात. कुणी हात लावलेला नसतो, तरी दोन दिवसांत खेळ खलास. त्या बाजूची जाळी आणि बांबू पुढे ढकला, दुसऱ्या विंगपासून सुरुवात करा, हे कंत्राटात लिहिलेलं असलं की कंत्राटदार कुरकुरत का होईना, करतो. त्याला जाच होतो तो अर्ध्यात थांबायचा.

आणि मधेच घरटं सापडलं तर? उचलून दुसऱ्या झाडावर ठेवायचा उद्योग करू नका. भावना कितीही चांगली असो, कायद्याने तोही घरट्याला धक्काच. तेवढा भाग थांबवा, फोटो काढा, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. कुणी मुद्दाम पाडत असेल आणि यंत्रणा हलत नसेल, तर पंचावन्नाव्या कलमाखाली साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो. अर्थात साठ दिवसांत पिल्लं कुठची राहायला, ही त्या कलमाची गोची आहे.

आता खर्चाचं, म्हणजे सोसायटीच्या कमिटीच्या खऱ्या काळजीचं. बुलबुलाचं अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण महिन्याच्या आत आटोपतं. टिटवी जवळजवळ चार आठवडे उबवते, पण पिल्लं बाहेर पडली की लगेच पायांवर चालू लागतात. बगळ्यांच्या वसाहतीला मात्र ऑक्टोबर उजाडू शकतो, आणि तेवढं भाडं डेव्हलपर आपखुशीने सोसणार नाही. आवारात वर्षावृक्ष असेल आणि पावसाळ्यात त्याखालच्या गाड्या पांढऱ्या होत असतील, तर करारावर सह्या करण्याआधी तारखांच्या तक्त्यात ते महिने सोडून घ्या.