माळ्यावरची बाडं

(फोंडा तालुक्यातील एका ग्रामवाचनालयाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो,

लेखकाचं वय झालं की लोक त्याच्याकडे उपदेश मागायला येतात. माझ्यापाशी उपदेश नाही, साक्ष आहे. कुणी लिहिलं, कुणी ते उतरवून काढलं, कुणी पाठ केलं आणि त्यांतल्या कुणाचं नाव कुठेच छापलं गेलं नाही, याची साक्ष. पंचाहत्तरी उलटल्यावर माझ्यापुढे सगळ्यांत मोठं काम तेवढंच उरलंय, असं मला मनापासून वाटतं. नवी कथा सुचली तर लिहीन. पण ती माझ्यावाचून अडलेली नाही. ही साक्ष मात्र माझ्या पिढीवाचून अडणार आहे.

आपल्या गोव्याच्या भूमीत लिखाण कसं टिकलं ते पाहा. केळोशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली श्रीकृष्णाचं चरित्र मराठी ओव्यांत रचलं. पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आज त्याचंच नाव आहे. पुढे १५७९ साली फादर स्टीफन्स इंग्लंडहून इथे आले, इथली भाषा शिकले, आणि १६१६ मध्ये राचोलला त्यांचं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं ओवीबद्ध काव्य, छापलं गेलं. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापलं. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज मिळत नाही. १६८४ मध्ये तर इथल्या लोकभाषांवर बंदी घालणारं पोर्तुगीज सरकारचं फर्मानच निघालं. तरी पुराण आपल्यापर्यंत आलं, कारण कुणीतरी बसून ते हाताने उतरवून घेतलं होतं. हजारो ओव्या, एकेक करून. कोण होती ती माणसं? स्टीफन्सचं नाव आपण घेतो आणि घ्यायलाच हवं. पण त्या हातांशिवाय आज घ्यायला नावही उरलं नसतं.

जत्रेच्या नाटकांचंही तेच आहे. म्हार्दोळ, मंगेशी, कवळे, शिरोडा, सावईवेरे, कुठेही जा, देवळाच्या उत्सवात नाटक हवंच. रात्री उशिरा नांदी आणि पहाटे भैरवी. या नाटकांना समीक्षक साहित्य मानत नाहीत. मला ते पटत नाही, कधीच पटलं नाही. ज्या गावात पुस्तकाचं दुकान नव्हतं त्या गावाला मराठी गद्य कानांनी मिळालं ते या रंगमंचावरून.

तरुण मंडळींना 'नक्कल' म्हणजे काय ते ठाऊक नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नाटकाचं संपूर्ण बाड, म्हणजे हस्तलिखित, एकच असायचं आणि ते आतून वाक्यं सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरच्या हाती. नटाला मिळायची ती फक्त त्याच्या भूमिकेपुरती वही, म्हणजे नक्कल. तिच्यात त्याची स्वतःची भाषणं पूर्ण, आणि समोरच्या पात्राच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द तेवढे. ते शब्द कानावर आले की आपण सुरू करायचं. झेरॉक्सची यंत्रं गावात येण्यापूर्वी हे सगळं हाताने चालायचं. ज्याचं अक्षर चांगलं, त्याच्याकडे आठ-दहा नकला यायच्या. दिवसभर दुकानात नाहीतर कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, राबून तो रात्री दिव्याखाली लिहीत बसायचा.

माझ्या एका ऐतिहासिक नाटकातली सरदाराची नक्कल अजून माझ्या कपाटात आहे. शाळकरी वही, निळी शाई, कोपऱ्यात तेलाचा डाग. मी लिहिलं होतं, "या तलवारीच्या पात्यावर माझ्या पूर्वजांच्या पराक्रमाची साक्ष कोरलेली आहे." ती भूमिका करणारा सुतारकाम करायचा. तालमीत तो तिथेच थांबला आणि म्हणाला, "मास्तर, हें तोंडांत बसना." दोन दिवसांनी त्याने पेन्सिलीने ते वाक्य खोडून वर लिहिलं, "ही तलवार माझ्या आज्याने धरली होती." प्रयोगात तो हे म्हणाला तेव्हा मांडवात चिडीचूप झालं. त्यानंतर जिथे जिथे ते नाटक झालं तिथे त्याचंच वाक्य गेलं. नाटक कधी छापायला द्यायचं झालं तर मी तेच ठेवणार आहे, आणि ते कुणाचं हेही खाली लिहिणार आहे.

तालीम कोकणीतून आणि नाटक मराठीतून, हे बाहेरच्याला नवल वाटतं. आमच्या तालमीच्या खोलीत कुणाला ते वाटलं नाही. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला. त्याच्या आगेमागे कोकणी की मराठी या वादावरून गोव्यात सख्खी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. त्या दिवसांतही आमची तालीम बंद पडली नाही, याचं मला आजही समाधान आहे.

छपाईचं सांगायचं तर १९६१ च्या गोवामुक्तीपूर्वी ती सोपी नव्हती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापायचा मजकूर सेन्सॉरकडून पास करून घ्यावा लागे, लग्नपत्रिकासुद्धा. सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याला जन्मलेले महादेवशास्त्री जोशी पुण्यात राहून लेखक झाले आणि भारतीय संस्कृतिकोशाचं प्रचंड काम त्यांनी तिथूनच उभं केलं. २४ मार्च १९६२ ला बा. द. सातोस्करांच्या संपादनाखाली 'गोमन्तक' हे मराठी दैनिक निघालं. मी तेव्हा शाळेत होतो. वडील अंक मोठ्याने वाचत आणि शेजारची चार माणसं ओट्यावर येऊन बसत.

आता वयाचं. मोतीबिंदू काढले तरी रात्रीचं वाचन सुटलं ते सुटलंच. हात थरथरतो म्हणून मी सांगतो आणि नात मोबाईलवर टाइप करते. परवा मध्येच थांबून ती म्हणाली, "आजोबा, हा माणूस कोण? आधी आलाच नाही." मग मला त्या माणसाचं घर, त्याचा धंदा, त्याचा आवाज, सगळं सांगावं लागलं. पूर्वी हे सांगावं लागत नसे, माझे वाचक त्याला ओळखत होते. म्हातारपणी एकटेपणा येतो म्हणतात. मला तो इथे जाणवतो. ज्यांच्यासोबत लिहिलं तेच राहिले नाहीत. आमचा पेटीवाला गेला. पदांच्या चाली बसवून देणाऱ्या, देवळांतून गायनसेवा करणाऱ्या कलावंत घराण्यांतल्या बायका गेल्या. मी पाहिलेल्या एकाही हस्तपत्रिकेवर त्यांचं पूर्ण नाव नव्हतं. ही गोष्ट मला फार लागते.

आणि गेल्या पावसाळ्यात आमचा प्रॉम्प्टर गेला. मुलांनी जुनं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावर ट्रंकभर बाडं निघाली, वाळवी लागलेली. त्यांनी ती जाळली. त्या मुलांना मी बोल लावत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दमटपणात कसर आणि वाळवी कुणाची वाट पाहत नाहीत.

म्हणून या वाचनालयाकडे माझं मागणं आहे. इथे एक कपाट या कामाला द्या. घरोघरी माळ्यावर असतील ती बाडं, नकला, हस्तपत्रिका, बायकांच्या गाण्याच्या वह्या, सगळं इथे येऊ द्या. फाटलेलंही आणा. पहिलं पान गेलं असेल, नाटकाचं नाव कळत नसेल, तरी आणा. दर रविवारी दुपारी मी इथे बसेन. अक्षर कुणाचं आहे ते मला पुष्कळदा ओळखता येतं, आणि माझ्या वयाची आणखी तिघं-चौघं आहेत, त्यांनाही येतं. आम्ही सांगू, तुम्ही मोबाईलवर फोटो घ्या आणि नोंद करा. नोंदीत लेखकाच्या नावाखाली आणखी दोन ओळी ठेवा. उतरवून कुणी काढलं आणि कुणाच्या घरातून आलं, ते तिथे लिहा. चतुर्थीच्या साफसफाईला घरं उघडतील, त्याआधी हे सुरू झालं पाहिजे.