दाताची सणक आणि फ्लोराइडचा लेप

दात आणि हिरडी जिथे मिळतात, तिथे नीट पाहा. ही पिवळसर खाच दिसली? कडक ब्रश जोर लावून आडवा घासला, वर्षानुवर्षं मिश्री चोळली, की हिरडी मागे सरते आणि उघडं पडलेलं मूळ झिजतं.

तिथे इनॅमलचं कवच नसतं. थेट डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर लागतो आणि त्यात द्रवाने भरलेल्या हजारो सूक्ष्म नळ्या असतात. गार पाण्याचा घोट घेतला, नुसती हवा लागली, तरी हा द्रव हलतो, आतल्या नसेला झटका बसतो आणि सणक थेट डोक्यात जाते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांतून हेच मांडलं. पुष्कळ माणसं मात्र मुकाट्याने एका बाजूने चावू लागतात, फ्रिजचं पाणी सोडतात. इतकं सोसायची खरंच गरज नाही.

या नळ्यांची तोंडं बुजवता येतात. डॉक्टर दात कापसाने कोरडा करतात आणि बारीक ब्रशने चिकट, पिवळसर व्हार्निश, म्हणजेच फ्लोराइडचा लेप, खाचेत लावतात. लाळ लागली की ते घट्ट धरतं. त्यात ५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं, म्हणजे नुसतं फ्लोराइड २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत २२,६०० भाग). रोजच्या पेस्टमध्ये साधारण हजार. फ्लोराइड कॅल्शियमला भेटतं, कॅल्शियम फ्लोराइडचे कण बनतात आणि नळ्यांच्या तोंडाशी साचतात. सुई नाही, ड्रिल नाही. काही तास गरम चहा आणि चकलीसारखं कडक खाणं टाळायचं, एवढंच पथ्य.

यवतमाळ, चंद्रपूरकडे फ्लोराइड म्हटलं की लोक धास्तावतात, आणि ते रास्तच आहे. तिथे कित्येक बोअरच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड सापडतं. लहानपणापासून ते रोज पोटात गेलं की दातांवर डाग पडतात, पुढे हाडंही आखडतात. लेपाचं तसं नाही. तो थेंबभर असतो, दातावरच बसतो आणि क्वचितच लावला जातो. तरी मूल लहान असेल तर पाणी कुठलं पितं, ते डॉक्टरांना जरूर सांगा.

लेप काही महिन्यांत झिजतो, पुन्हा लावावा लागतो. पण मिश्री आणि कडक ब्रश सुटले नाहीत, तर खाच वाढतच जाणार. घरी फ्लोराइडच्या पेस्टने हलक्या हाताने घासा, फेस थुंका आणि लगेच खळखळून चूळ भरू नका.

मात्र गरम लागल्यावर कळ बराच वेळ थांबत नसेल, रात्री दात ठणकत असेल, तर कीड आतल्या नसेपर्यंत गेलेली असू शकते. तिथे लेपाने भागत नाही. आधी दात तपासून घ्या.