कूलर बंद, पहिली सात कार्डं

(दृश्य: नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराची मागची खोली. कूलर बंद आहे. वाळ्याच्या ताट्यांतून अजून पाणी टिपकतंय.)

नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता घरातला कूलर बंद दिसला, तर एक तर लाइट गेलेली असते, नाही तर या घरात पोकेमॉनचा डाव मांडलेला असतो. चालू कूलरसमोर कार्डं उडतात. उडाली नाहीत तरी त्या दमट हवेनं चमकीची कार्डं धनुष्यासारखी वाकतात, आणि वाकलेलं कार्ड पाठीकडूनही ओळखू येतं. म्हणून कूलर बंद, आणि खेळणाऱ्यांच्या गळ्यात दुपट्टे.

हा माझा भाचा. सलग तीन रविवार हरलाय. हरण्याची तऱ्हा एकच: हातात भलामोठा चॅरिझार्ड आणि सतरंजीवर काहीच नाही.

कोपऱ्यात आबा बसलेत. आयुष्यभर मेंढीकोट आणि रमी खेळलेले. "काहून बे," ते विचारतात, "हातात एवढा मोठा पत्ता हाय, मंग टाकत काऊन नाही?"

"आबा, तो डायरेक्ट नाही टाकता येत. खाली चारमँडर पाहिजे."

या एका वाक्यात त्याचं सगळं दुखणं आहे.

(दृश्य: सतरंजीवर डेक. वरून कॅमेरा.)

हा खेळ जपानमध्ये 1996 साली आला. डेक म्हणजे ज्यानं त्यानं स्वतः भरलेला गठ्ठा, त्यात नेमकी 60 कार्डं. सुरुवातीला हातात 7, आणि 6 कार्डं बक्षिसं म्हणून उलटी बाजूला ठेवायची. त्यात काय गेलं ते कोणालाच कळत नाही. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की आपलं एक बक्षीस उचलायचं. सहा संपवली की डाव जिंकला. हातात एकही मूळ, म्हणजे बेसिक पोकेमॉन नसेल, तर हात उघडा करून दाखवायचा, पुन्हा पिसायचं, पुन्हा 7 घ्यायची. दर वेळी समोरच्याला एक कार्ड जास्तीचं घेता येतं. शिक्षाच ती.

आणि चॅरिझार्ड हा तिसऱ्या पायरीवरचा गडी. आधी चारमँडर, मग चारमेलिऑन, मग तो. 'रेअर कँडी' असेल तर मधली पायरी गाळता येते, पण आपल्या पहिल्या टर्नला नाही. चारमँडर निदान एक टर्न आधीपासून बसलेला लागतो. म्हणजे पहिल्या टर्नचं काम एकच, चारमँडर बसवणं. जमलं तर दोन, कारण एक पडणारच.

भाच्याच्या डेकमध्ये चारमँडर होते तीन.

(दृश्य: मुलगा सात-सात कार्डं काढतो, वहीत टिंब करतो, पुन्हा पिसतो.)

तक्रार ऐकून मी त्याला एक काम लावलं होतं. खेळू नकोस, फक्त पीस, सात काढ, चारमँडर आला की नाही ते लिही. पन्नास वेळा. पहिल्या दहा वेळांनंतर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते मी शूट केलं नाही. पण पन्नास झाल्यावर त्याला हिशेब सांगावा लागला नाही. कागदावरचं गणित असं: 60 मध्ये 3 असतील, तर पहिल्या 7 मध्ये निदान एक येण्याची शक्यता 32 टक्क्यांच्या आसपास. चार केले तरी जेमतेम 40. आणि चारपेक्षा जास्त नियमात बसत नाहीत.

मग करायचं काय?

इथे मला हा खेळ आवडायला लागला. चारमँडर आणून देणारी कार्डंही चारमँडरच धरायची. 'नेस्ट बॉल' डेकमधून एक बेसिक शोधून थेट बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव रांगेत, बसवतो. 'बडी-बडी पॉफिन' 70 किंवा त्याहून कमी एचपीचे (एचपी म्हणजे मार सोसायची ताकद) दोनपर्यंत बेसिक बसवतो, आणि याच्या चारमँडरचा एचपी बरोबर 70. चार चारमँडर, चार बॉल, चार पॉफिन. बारा झाले. बारा असले की पहिल्या 7 मध्ये निदान एक येण्याची शक्यता 81 टक्के.

32 वरून 81. एकही महागडं कार्ड न घेता.

जागा मात्र करावी लागली. साठाचे एकसष्ट होत नाहीत. डेकमध्ये अग्नीची एनर्जी, म्हणजे हल्ल्याला लागणारी इंधनाची कार्डं, 18 होती, पोत्यात तांदूळ भरावे तशी. टर्नला लावता येते एक. शिवाय हा चॅरिझार्ड ईएक्स, 2023 सालचा, हातातून उत्क्रांत झाला की स्वतःच डेकमधून तीन एनर्जी ओढून घेतो, आणि त्याच्या हल्ल्याला दोनच लागतात. 18 च्या 9 केल्या. त्या जागी आठ शोधणारी कार्डं आणि चौथा चारमँडर.

रडारड झाली ती ब्लास्टॉइजवरून. डेकमध्ये ब्लास्टॉइज दोन होते, त्याची पहिली पायरी असलेला स्क्वर्टल एकही नाही.

"हे कसे येणार मैदानात?" मी विचारलं.

"येत नाही मामा. पण पाहा ना कसे चमकून राहिले."

(दृश्य: दोन ब्लास्टॉइज उन्हात तिरपे धरलेले.)

चमकत होते खरेच. बर्डीच्या बाजारात पाकिटात मिळतात ती सोनेरी प्लास्टिकची नक्कल नव्हे, अस्सल होते. तरी निघाले. त्या जागी रेअर कँडी दोनाच्या चार झाल्या. आबा हे सगळं पाहत होते. म्हणाले, "आमच्या कॅटात जे हाय ते हाय, नशीब वाटणाऱ्याच्या हातात. इथं तर तूच भरतो, अन् तूच रडतो."

(दृश्य: रविवार. समोर वरच्या मजल्यावरचा मित्र.)

मित्राचा डेक विजेचा. मिरायडॉन ईएक्स हा बेसिकच, पायऱ्यांची भानगड नाही, बसला की मारायला मोकळा. नाणं उडालं, मित्र पहिला. पहिल्याला पहिल्या टर्नला हल्ला करता येत नाही, तेवढी उसंत.

भाच्याचा हात: पुढे चारमँडर. पॉफिन. बेंचवर दुसरा चारमँडर. टर्न संपला. तो माझ्याकडे बघत नाहीये, पण पायाचा अंगठा हलतोय.

मित्राच्या दुसऱ्या टर्नला पुढचा चारमँडर पडला. एक बक्षीस गेलं. पूर्वी इथेच डाव संपायचा. आता बेंचवरचा पुढे आला. हातात रेअर कँडी आहे, चॅरिझार्ड नाही. 'अल्ट्रा बॉल' टाकला, बदल्यात हातातली दोन कार्डं फेकली, चॅरिझार्ड शोधला. कँडी. तीन एनर्जी. हल्ला 180 चा, आणि समोरच्यानं घेतलेल्या दर बक्षिसामागे 30 जास्त.

"दोनशे दहा!"

मित्र मिरायडॉनचं कार्ड उचलून एचपी वाचतो. हळूच. 220.

दहा उरले.

खोलीत कोणी बोलत नाही. कार्डांच्या कव्हरवर घामाचा एक थेंब पडतो, भाचा तो दुपट्ट्यानं पुसतो.

"झालं काय?" कोपऱ्यातून आबा. "मंग लावा ना बे कूलर."

"नाही आबा! अजून चालूच आहे!"